उभा, टपातला आणि जाळून टाक म्हणणारा

माझे घरमालक मला पहिल्यांदा दिसले ते लग्नाच्या कढईत बसलेले.

आखाडा बाळापूरच्या शाळेत नेमणूक झाली म्हणून मी सोलापूरकडून नुकताच आलो होतो आणि भाड्याची खोली शोधत एका अंगणात शिरलो होतो. समोर गावजेवणाची भाजी मावेल एवढी कढई. तिच्यात पाणी. पाण्यात बनियनवर बसलेले, पन्नाशी उलटलेले, भरघोस मिशांचे गृहस्थ. कढईच्या दोन्ही कानांवर आडवी फळी टाकलेली आणि तिच्यावर कागद ठेवून त्यांचं लिहिणं चाललेलं. मी आ वासून तिथंच उभा राहिलो. आमच्याकडे वेडी माणसं नाहीत असं नाही, पण ती अंगणात, भर दुपारी, इतक्या एकाग्रतेनं वेडी नसतात.

"खोली पायजे का?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "काय करता?"

"शिक्षक आहे."

"अन् दुसरं?"

दुसरं म्हणजे काय ते मला कळेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "थोडंफार लिहितो. दिवाळी अंकात एकदोन गोष्टी आल्यात."

ते पाणी निथळत तसेच उठले, कढईच्या बाहेर आले आणि ओल्या हातानं माझा हात धरला. खोली त्याच क्षणी माझी झाली. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांची बायको हे बघत होती. ती म्हणाली, "सर, घाबरू नका. रोज न्हाई बसत. उन्हाळ्यातच बसतेत."

पुढे मी त्यांना काका-काकूच म्हणत गेलो आणि ते दोघंही मला शेवटपर्यंत सर म्हणत राहिले. काकांचा धंदा मंडप-बिछायतीचा. शामियाने, गाद्या, खुर्च्या, पातेली, कढया, माइक आणि भाषणाचं लाकडी टेबल. वारंगा फाट्यापासून जवळा बाजारपर्यंत लग्न असो, बारसं असो, सभा असो, काकांचा लाल-पिवळा कपडा वर ताणलेला असायचाच. अशाच एका ग्रंथ प्रदर्शनाचा मंडप उतरवताना गादीखाली एक जाड पुस्तक सापडलं. पुढची-मागची पानं फाटलेली, त्यामुळे नाव कुणालाच ठाऊक नाही. आत जगभरातल्या थोर लेखकांची चरित्रं. कोण कसा राहायचा, काय खायचा, कशावर बसून लिहायचा, कसा मेला. शोधायला कुणी आलं नाही. काकांनी ते पुस्तक वाचलं आणि माणूस कामातून गेला.

त्या लेखकांची परदेशी नावं काकांच्या जिभेवर बसत नसत. म्हणून त्यांनी त्यांना आपल्या सोयीची नावं देऊन टाकली होती. उभ्यानं लिहिणारा तो 'उभा'. पाण्यात बसून लिहिणारा तो 'टपातला'. टेबलाच्या खणात सडकी फळं ठेवून त्यांच्या वासावर लिहिणारा तो 'सडका', आणि हे नाव ते फार आदरानं घ्यायचे. "सडका लई मोठा माणूस व्हता, सर," असं ते जेवताना सांगायला लागले की माझा घास घशातच अडकायचा.

त्यांचं म्हणणं साधं होतं. "लिहिणं हे हाताचं काम न्हाईच. आधी त्यायच्यासारखं जगा. लिहिणं मागून येतं, बैलामागं गाडी येती तसं." एकेका लेखकाला ते एकेक हंगाम द्यायचे. उन्हाळाभर टपातला. पावसाळ्यात उभा, त्यासाठी भाड्यानं द्यायचं भाषणाचं टेबल ओसरीत मांडलेलं. सीताफळाच्या दिवसांत सडका. त्या दिवसांत त्यांच्या खणातून चिलटं उठायची, मुंग्यांची रांग भिंतीवरून माझ्या खोलीत यायची आणि काकू काही न बोलता सुपलीनं सगळं गोळा करून उकिरड्यावर नेऊन टाकायच्या. काका नवीन फळं आणून पुन्हा सडायला ठेवायचे.

त्यांच्याकडे मंडप ठोकणारे रहीमचाचा एकदा माझ्याजवळ हळूच म्हणाले, "सर, मालक का दिमाग किताब ने खा लिया. तुम पढेलिखे हो, कुछ बोलो ना." मी काय बोलणार? मला तर काका रोज विचारायचे, "तुमी कोणाचं घेतलं?" गुरूचं नाव विचारावं तसं. मी कुणाचंच घेतलेलं नाही हे कळल्यावर त्यांना माझी काळजीच वाटायला लागली.

एकदा भाषणाचं टेबल जवळा बाजारला एका समारंभाला गेलं आणि आतल्या कप्प्यात काकांच्या कादंबरीची पानं तशीच राहून गेली. प्रमुख पाहुण्यांनी भाषणाचा कागद समजून वरचं पान उचललं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "गयाबाईनं पातेल्याचं झाकण काढलं आणि वाफेत तोंड लपवून रडून घेतलं." पुढची दोन वाक्यं वाचून झाल्यावर पाहुण्यांना शंका आली. मंडपात हशा पिकला. मी शरमेनं खाली बघत होतो. काका मात्र खांबाला टेकून डोळे मिटून उभे होते. घरी येताना म्हणाले, "पयलं जाहीर वाचन झालं बघा."

खरं सांगतो, मला वाटत होतं की लिखाण म्हणजे नुसता पाचोळा असणार. इतका सरंजाम करणाऱ्याच्या हातून काही निघत नाही हा माझा अनुभव. मग एका संध्याकाळी त्यांनी मला ओसरीत बसवलं आणि कादंबरीतला मधला भाग वाचून दाखवला. गयाबाई ही लग्नांत स्वयंपाक करणारी बाई. शेकडो लग्नांना गेलेली, पण एकाही लग्नाला बोलावणं नसलेली. एका लग्नात मानपानावरून भांडण होऊन वऱ्हाड न जेवताच उठून जातं. मुलीचा बाप मंडपाच्या खांबाला धरून बसतो. गयाबाई त्याच्यापुढे पत्रावळ मांडते, त्याला वाढते आणि त्याच्या शेजारी मांडी घालून बसते. एवढंच. कुणी रडत नाही, कुणी मोठं बोलत नाही. ते दोघं गार झालेला भात कालवून खातात आणि तो बाप मध्येच म्हणतो, "मीठ बराबर पडलंय."

मी हादरलो. हे कढईत बसून लिहिलेलं होतं यावर विश्वासच बसेना. वीस-पंचवीस वर्षं हा माणूस मंडपांच्या कडेला उभा राहिला होता आणि त्यानं सगळं बघून ठेवलं होतं. ना 'उभा', ना 'टपातला', ना 'सडका'. यातल्या एकाचाही या लिखाणाशी काही संबंध नव्हता. पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती, कारण ते लगेच म्हणाले, "टपातल्याची कृपा."

मी त्यांना म्हणालो, "काका, याची झेरॉक्स काढून ठेवू. फाट्यावर मिळते. नाहीतर मी मोबाइलवर फोटो काढतो पानांचे."

"न्हाई," ते म्हणाले. "त्यायच्यापाशी कुठं मोबाइल व्हता?"

त्यानंतरच्या वर्षी काकांच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. नांदेडला ऑपरेशन करायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, आठवडाभरात घरी जाल. पण पुस्तकातला एकही थोर लेखक दवाखान्यात जाऊन धडधाकट परत आलेला नव्हता. काकांनी ते पुस्तक पुन्हा काढलं आणि शेवटी एका लेखकावर येऊन थांबले. त्यानं मरताना आपल्या जिवलग मित्राला सांगितलं होतं की माझं सगळं लिखाण जाळून टाक. मित्रानं ऐकलं नाही. त्यानं ते छापलं आणि तो लेखक जगभर अमर झाला. काकांनी त्याचं नाव ठेवलं 'जाळून टाक म्हणणारा'.

निघायच्या सकाळी जीप दारात उभी होती. सोबत मी जाणार होतो. काकांनी लिखाणाचं सगळं बाड मंडपाच्या लाल कपड्यात बांधून आणलं. मला वाटलं माझ्या हातात देतील. त्यांनी ते काकूंच्या हातात दिलं.

"ह्याच्यातला एक कागद ठेवू नको," ते म्हणाले. "मी यायच्या आत जाळून टाक."

"समदं?" काकूंनी विचारलं.

"समदं."

काकूंनी बाड छातीशी धरलं. लिहिणं सुरू झाल्यापासून त्या कागदांना हात लावायची त्यांना परवानगी नव्हती. झाडतानासुद्धा त्या काकांचं टेबल सोडून झाडायच्या. त्या इतकंच म्हणाल्या, "बरं. तुमी जपून या."

जीप फाट्याच्या पुढे गेल्यावर माझ्यानं राहवेना. मी म्हणालो, "काका, हे काय करून बसलात?"

ते गालातल्या गालात हसत होते. "जळत नसतंय, सर. कोणीच जाळत नसतंय. पुस्तकात हाय."

"मग माझ्याकडे का नाही दिलं?"

"तुमाला गोष्ट माहीत हाय. तुमी मुद्दाम ठेवलं असतं. त्याला काय किंमत? तिला कायबी माहीत न्हाई. तिनं ठेवलं तर ते तिच्या काळजातून ठेवलेलं असंल." मग बोट उगारून म्हणाले, "फोन करून तिला कायबी सांगितलं तर आपलं बोलणं बंद."

 या माणसानं आयुष्याची कमाई बायकोच्या परीक्षेला लावली होती, आणि परीक्षा आहे हे तिला सांगितलंच नव्हतं.

ऑपरेशन चांगलं झालं. दवाखान्यात त्यांचे भाऊ थांबले, मी परत आलो. पिशवी ओसरीत टाकून आधी आत गेलो. बघतो तर लाल कपडा देवळीत देवाशेजारी नीट ठेवलेला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तेव्हा काकू ओसरीत चष्मा लावून बसल्या होत्या, मांडीवर कागद आणि बोट एकेका ओळीखालून सरकत होतं. सातवीपर्यंत शिकलेल्या त्या बाईला मी पोथी सोडून दुसरं काही वाचताना कधी बघितलं नव्हतं. मला इतकं हायसं वाटलं की मी काही विचारलंसुद्धा नाही. पुढेही रोज तेच चित्र. भांडी झाली की चष्मा आणि कागद. एकदा दूध उतू गेलं तरी त्यांना कळलं नाही.

मी दवाखान्यात फोन लावून काकांना सांगितलं, "काकू वाचताहेत."

पलीकडे खाट करकरली, ते उठून बसले असावेत. मग म्हणाले, "कुठपर्यंत आली?"

काका घरी आले त्या दिवशी मी सुट्टी काढली होती. काकूंनी दारातच त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. टाके काढून झाले होते, आता खुशाल अंघोळ करा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. परसदारी चुलीवर पाण्याचं मोठं पातेलं तापून तयारच होतं. काकांनी मनसोक्त अंघोळ केली. आतून गुणगुणणं ऐकू येत होतं. मग धुतलेला सदरा घालून ते ओसरीत बसले, चहा घेतला, मिशा पुसल्या आणि माझ्याकडे बघत डोळा मिचकावला.

"आन ते," ते काकूंना म्हणाले.

"काय?"

"माझं लिखाण."

"जाळलं की," काकू म्हणाल्या.

काका हसले. "मस्करी काहून करती? आन."

"मस्करी काहून करू? तुमी यायच्या आत जाळ म्हणला व्हता. काल रातच्याला वाचून संपलं अन् आज सकाळी जाळलं. तुमच्या अंघोळीचं पाणी त्याच्यावरच तापलं."

काकांचा हात आपोआप डोक्यावर गेला. केस अजून ओले होते. त्यांनी तो हात पुढे धरून बघितला. मी उठून परसात धावलो. चुलीत राखेचा जाड थर होता आणि वरची काही पानं काळी होऊनही अखंड उभी होती. काळ्यावर काकांची अक्षरं चंदेरी होऊन स्पष्ट दिसत होती. मी एक पान उचलायला गेलो तर ते बोटांत चुरा होऊन गेलं. मी चुलीसमोरच बसलो. काका मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी राखेला हात लावला नाही.

"अगं तू वाचलं," ते काकूंना म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "वाचून जाळलं?"

"न वाचता कसं जाळावं? एवढी वर्षं कशापायी बसत व्हता ते तरी कळू द्या."

"अन् कसं वाटलं?"

मी थक्क होऊन त्यांच्याकडे बघितलं. घर जळालेला माणूस शेजाऱ्याला विचारतो का, भिंतीचा रंग कसा होता म्हणून? पण त्यांना खरंच तेवढंच हवं होतं. ते उत्तराची वाट बघत उभे होते.

"लई चांगलं व्हतं," काकू म्हणाल्या. "हात उचलना माझा. एकेक पान टाकताना जीव गोळा झाला. पण तुमी जिंदगीत पयल्यांदा ह्या कागदांतलं काम मला सांगितलं व्हतं. मी नीट केलं."

मग मीच मध्ये पडलो आणि त्यांना सगळं सांगितलं. तो परदेशातला लेखक, त्याचं शेवटचं बोलणं, तो मित्र, छापलेली पुस्तकं, सगळं. काकू ऐकत गेल्या तसतसा त्यांचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं आता त्यांना पश्चात्ताप होईल.

"मरणाऱ्या माणसानं सांगितलं," त्या म्हणाल्या, "अन् त्या दोस्तानं ऐकलं न्हाई?"

"नाही ऐकलं, म्हणून तर..."

"अन् त्याला तुमी चांगला म्हणता?" त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मीच कुणाच्या तरी तोंडचं शेवटचं पाणी काढून घेतलं होतं. मग काकांकडे वळल्या. "तुमाला ठेवायचं व्हतं तर ठेव म्हणायचं. मी जिवापाड ठेवलं असतं. माझ्याशी खोटं काहून बोललात?"

  पुस्तकात सगळ्या लेखकांच्या खोडी लिहिलेल्या होत्या, पण त्यांच्या बायकांना त्यांचं बोलणं खरं वाटायचं की नाही याबद्दल एक ओळ नव्हती.

त्यानंतर काका जवळजवळ मुकेच झाले. गावातली माणसं पोटाची विचारपूस करायला यायची आणि ते मान हलवायचे. कढई धंद्याला परत गेली, भाषणाचं टेबल गोदामात गेलं. जाड पुस्तक त्यांनी कुठं टाकलं देव जाणे. दिवसभर गोदामात गाद्यांच्या थप्पीवर पडून राहायचे. काकू जेवणाचं ताट तिथं नेऊन ठेवायच्या, ते जेवायचे. भांडण नाही, आदळआपट नाही. त्या शांततेनंच मला जास्त धसका बसला होता. मी एकदा धीर करून म्हणालो, "काका, पुन्हा लिहा. तुम्हाला पाठच असेल." ते म्हणाले, "न्हाई सर. मी कागदावर ठिवलं व्हतं, डोक्यात न्हाई ठिवलं." मला ते ऐकून रडू आलं आणि मी खोलीत निघून आलो.

सुगी झाली. तुरी घरात आल्या. एका दुपारी मी शाळेतून लवकर आलो तर गोदामाच्या दाराआड काका उभे. ओसरीत गल्लीतल्या बायका सुपं घेऊन तूर निवडत बसल्या होत्या आणि काकू त्यांना काहीतरी सांगत होत्या. मी कान दिला. गयाबाईची गोष्ट चालली होती. ते उठून गेलेलं वऱ्हाड, तो बाप, तो गार भात. काकांचे शब्द नव्हते, काकूंचेच होते, पण एकही घटना सुटली नव्हती. काही ठिकाणी तर बायकाच सांगत होत्या की आता ती असं म्हणाली असंल, आणि काकू म्हणायच्या, व्हय, तसंच म्हणाली. म्हणजे हे काही आजच सुरू झालेलं नव्हतं.

काकांनी मला गप्प राहायची खूण केली. ते श्वास धरून ऐकत होते. गोष्ट शेवटाकडे आली. गयाबाई आजारी पडते, भर लग्नसराईत तिला ताप भरतो, परक्या गावातल्या मंडपामागे ती अंग टाकते. बायकांचे हात सुपात थांबले.

"अन् सकाळी ताप उतरला," काकू म्हणाल्या.

काका दाराआडून बाहेर आले. "न्हाई," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा तो मोठा आवाज मी ऐकला. "तिथं मरती ती."

बायकांनी दचकून पदर सावरले. काकूंनी मान वर केली नाही, सुपातला खडा वेचून बाजूला टाकला.

"तुमच्या कागदात मरत व्हती," त्या म्हणाल्या. "ते तर जळलं."

मी काकांकडे बघायला घाबरलो. ते ओसरीच्या कडेपर्यंत आले.  त्यांनी विचारलं, "मंग जगून काय करती ती?"

"तेच सांगून राहिले," काकू म्हणाल्या. "ऐकायचं आसंल तर बसा."

काका बायकांच्या मागे, भिंतीला टेकून बसले.